बंद काय करावे? : विद्यापीठातील अभ्यासक्रमांच्या अग्रक्रमाची चिकित्सा

विद्यापीठाच्या कक्षेत एखादा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर कागद भरपूर लागतो. बृहत् आराखड्यात त्याचा बिंदू असावा लागतो, प्रस्ताव करावा लागतो, इरादापत्र मिळवावे लागते, चौकशी समिती येते, विद्या परिषद शिफारस करते, शासन मान्यता देते. तोच अभ्यासक्रम संपतो तेव्हा मात्र बहुधा एकही कागद निघत नाही. त्याला जन्मदाखला असतो, मृत्युदाखला नसतो. कोणत्या वर्षी, कोणाच्या सहीने, कोणती कारणे तपासून तो संपला, हे नंतर शोधायला गेले तर हाती काही लागत नाही.

याचे कारण असे की आपल्याकडे अभ्यासक्रम बंद होत नाहीत, ते आटतात. आटण्याची रीत ठरलेली आहे. पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त होतो. पद रिक्त राहते. जागा भरण्याची परवानगी येईपर्यंत तासिका तत्त्वावर कोणीतरी शिकवतो. तो दरवर्षी बदलतो, कारण त्याला दरवर्षी नवी नेमणूक घ्यावी लागते आणि मधल्या महिन्यांत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. विद्यार्थ्यांना हे कळते. ते दुसरा विषय घेतात. विद्यार्थी कमी झाले की तुकडी लहान होते, तुकडी लहान झाली की कार्यभार कमी होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे अपेक्षित आहे. तेवढे तास भरत नसतील तर पूर्ण पदाची गरज कागदावर सिद्ध होत नाही. मग पद मागता येत नाही. पद नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून पद नाही. शेवटी अहवालात एकच वाक्य उरते : ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नसल्याने’.

या वाक्याचीच चिकित्सा मला येथे करायची आहे. विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करू नये, सगळे आहे तसे चालू ठेवावे, असे माझे म्हणणे नाही. पैसा मर्यादित आहे, माणसे मर्यादित आहेत, आणि काही अभ्यासक्रम खरोखर बंद करण्याच्या लायकीचे आहेत. अग्रक्रम लावावाच लागतो. वाद आहे तो अग्रक्रम कोणत्या प्रश्नाने लावायचा याबद्दल.

डिकेसनचे दहा निकष

या विषयावर जगभरच्या विद्यापीठ-प्रशासकांनी सर्वाधिक वापरलेल्या पुस्तकांपैकी एक रॉबर्ट डिकेसन या अमेरिकी लेखकाचे आहे. ते १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. डिकेसन हे नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठाचे अध्यक्ष होते; म्हणजे हा माणूस बाहेरून उपदेश करणारा नव्हता. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : टंचाई आली की विद्यापीठे सर्व विभागांना सारखी कात्री लावतात. ही वरवर न्याय्य दिसणारी रीत प्रत्यक्षात सर्वांत वाईट आहे, कारण तिने चांगले विभागही मध्यम होतात. त्याऐवजी प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासावा, त्यांची क्रमवारी लावावी आणि दुबळ्याकडचा पैसा सबळाकडे वळवावा.

तपासण्यासाठी ते दहा निकष देतात : अभ्यासक्रमाचा इतिहास आणि त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा, बाहेरची मागणी, विद्यापीठातील इतर विभागांची मागणी, येणाऱ्या साधनांचा आणि प्रक्रियेचा दर्जा, फलिताचा दर्जा, आकार, व्याप्ती व उत्पादकता, मिळणारे उत्पन्न, होणारा खर्च, संस्थेच्या दृष्टीने अत्यावश्यकता, आणि पुढच्या संधी.

यादी नीट वाचली तर ती वाईट नाही. इतिहास तिच्यात पहिला आहे, अत्यावश्यकता नववी आहे. गणित, संख्याशास्त्र, भाषा हे विभाग स्वतःच्या पदवीधरांपेक्षा इतरांच्या विद्यार्थ्यांना जास्त शिकवतात. त्यांची दखल घेणारा ‘अंतर्गत मागणी’ हा निकषही आहे. अडचण यादीत नाही, तिच्या वापरात आहे. दहांपैकी आकार, उत्पन्न आणि खर्च हे तीन निकष लेखा विभागात तयार आकड्यांच्या रूपाने मिळतात. इतिहास आणि अत्यावश्यकता यांसाठी कोणीतरी बसून विचार करावा लागतो, लिहावे लागते, वाद घालावा लागतो. मुदत तीन महिन्यांची असते. तेव्हा जे तयार आहे त्याचे वजन आपोआप वाढते. निकष दहा राहतात, निकाल तिघांचा लागतो.

अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतीलच आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला २०२३ मध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलरची तूट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या नियामक मंडळाने २८ पदव्या आणि १४३ अध्यापकपदे रद्द करण्याचा ठराव केला. परकीय भाषांचा अख्खा विभाग मोडण्याचा मूळ प्रस्ताव होता. निदर्शने झाली, आणि अखेरीस स्पॅनिश व चिनी या दोन भाषांचे ऐच्छिक वर्ग तेवढे वाचले. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, गरीब राज्य. श्रीमंत घरचा मुलगा दुसऱ्या राज्यात जाऊन फ्रेंच शिकेल. खाणकामगाराच्या मुलीचे काय, हा प्रश्न तेव्हा तेथे विचारला गेला. तो आपल्या ओळखीचा आहे.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियात निर्णय झाला तो उघड्या सभेत, मतदानाने. यादी प्रसिद्ध झाली. अपील करता आले, आणि अपिलाने काही वाचलेही. आपल्या आटण्याच्या रीतीत अपील कोठे करायचे? ज्याचा निर्णयच झालेला नाही त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

आपले तराजू

आपल्याकडे मोजमाप नाही असे नाही. उलट गेल्या तीस वर्षांत ते फार वाढले आहे. १९९४ मध्ये नॅक स्थापन झाली. तिचे सात निकष आहेत : अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थी-साहाय्य व प्रगती, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. २०१५ मध्ये एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी जाहीर झाली आणि २०१६ पासून तिच्या याद्या येऊ लागल्या. विद्यापीठांसाठी तिचे वजन असे आहे : अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, पदवी-फलित २०, समावेशकता १०, आणि लोकांतील प्रतिमा १०.

या दोन्ही तराजूंबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, दोन्ही संस्था तोलतात, अभ्यासक्रम नव्हे. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शिक्षणात अभ्यासक्रमनिहाय मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. कला आणि विज्ञान शाखांच्या अभ्यासक्रमांना तसे काही नाही. महाविद्यालयाला चांगली श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीच्या छताखाली त्याचा भूगोल विभाग निमूटपणे आटत राहतो; दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या असू शकतात. दुसरी गोष्ट एनआयआरएफच्या वजनांची. समावेशकतेच्या १० गुणांत इतर राज्यांतून आलेले विद्यार्थी, मुली, दुर्बल घटक आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी हे सगळे बसवलेले आहे. तेवढेच १० गुण केवळ प्रतिमेला आहेत. दुसऱ्या राज्यातून विद्यार्थी आला तर गुण मिळतात. साकोली तालुक्यातल्या खेड्यातून सायकलने किंवा एसटीने येणारी, घरातली पहिली पदवीधर होणारी मुलगी आली, तर ती किती अंतरावरून आणि किती अडथळे ओलांडून आली, हे मोजणारा रकाना तेथे नाही.

तिसरा तराजू राज्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा असतो. उच्च शिक्षणाच्या सोयींचे न्याय्य वाटप व्हावे, आजवर वंचित राहिलेल्या भागांकडे आधी लक्ष जावे, हा त्यामागचा हेतू. मला हा कायद्यातील फार चांगला भाग वाटतो, कारण त्यात भूगोल आहे. शिक्षण कोठे आहे, हा प्रश्न नॅक आणि एनआयआरएफ विचारत नाहीत. बृहत् आराखडा विचारतो.

पण तो अर्धाच विचारतो. आराखड्याचा सारा भर नवे कोठे उघडायचे यावर असतो. आहे त्याचे काय झाले, मागच्या आराखड्यातील बिंदूवर उघडलेले महाविद्यालय आज कोणत्या विषयांत जिवंत आहे, कोणत्या विषयात फक्त फलक उरला आहे, हे त्यात सापडत नाही. नव्या महाविद्यालयाला मान्यता मिळते ती बहुतेक वेळा विनाअनुदान तत्त्वावर. त्यामुळे आराखड्यात एखाद्या तालुक्याची गरज ‘भागली’ असे दिसते आणि त्याच तालुक्यातील अनुदानित महाविद्यालयातली, पूर्ण पगाराच्या शिक्षकाची जागा रिकामी असते. नकाशावर ठिपका वाढतो, शिक्षक कमी होतो.

त्यातच राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने मोठ्या संस्थांचा पुरस्कार केला. २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि प्रत्येकीत ३,००० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई-पुण्यात हा आकडा लहान आहे. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्यांनी तुटक झालेल्या झाडीपट्टीत तो मोठा आहे. आकार हाच दर्जा धरला तर आमच्याकडची बहुतेक महाविद्यालये जन्मतः नापास आहेत.

डेक्कन कॉलेज : दोन वर्षे, दोन प्रश्न

अग्रक्रमाच्या चुकीच्या आणि बरोबर प्रश्नातील फरक दाखवणारी घटना महाराष्ट्राच्या इतिहासात घडून गेली आहे. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजची. १८२१ मध्ये दक्षिणा फंडातून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे महाविद्यालय झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आले, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याला इमारत उभी राहिली. टिळक आणि आगरकर तेथे शिकले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे शिकवीत.

१९३४ मध्ये मुंबई सरकारने काटकसर म्हणून हे महाविद्यालय बंद केले. जागतिक मंदीचा काळ होता, सरकारी तिजोरी आखडलेली होती. पुण्यात फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ ही खाजगी महाविद्यालये पदवीचे शिक्षण देतच होती. हिशेबाची वही उघडून पाहिली तर या निर्णयाच्या तर्कात खोट काढणे अवघड आहे. जे शिक्षण इतरत्र स्वस्तात मिळते त्यावर सरकारने खर्च का करावा? हा १९३४ चा प्रश्न : हे चालवायला किती लागते, आणि हे दुसरीकडे मिळते का?

माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यासारखी माणसे पुढे आली. देणगीदाराने एका विशिष्ट हेतूने पैसा दिला होता, सरकारला तो हेतू परस्पर मोडता येणार नाही, या मुद्द्यावर प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. पण उघडताना जुना नमुना गिरवला नाही. बी.ए.चे वर्ग परत आले नाहीत. त्या जागी पदव्युत्तर व संशोधन संस्था आली : भाषाशास्त्र, संस्कृत, इतिहास व पुरातत्त्व, समाजशास्त्र-मानवशास्त्र. हा १९३९ चा प्रश्न : असे काय आहे की जे येथे झाले नाही तर कोठेच होणार नाही?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मिळाले. हसमुख सांकलिया तेथे आले आणि नेवासे, इनामगाव यांसारख्या उत्खननांतून महाराष्ट्राचा इतिहासपूर्व काळ लिहिला गेला. इनामगावचे उत्खनन १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे चालले. इरावती कर्वे १९३९ मध्ये आल्या आणि अखेरपर्यंत त्याच संस्थेत राहिल्या; या प्रदेशातील नातेसंबंध, जाती आणि स्थलांतरे यांचा अभ्यास त्यांनी तेथून केला. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीच्या घरात नोंदपत्रे तयार झाली आणि पहिला भाग बाहेर पडला तो १९७६ मध्ये.

१९४८ ते १९७६ ही अठ्ठावीस वर्षे आजच्या कोणत्याही तराजूवर ठेवून पाहावी. दरवर्षीची उत्पादकता शून्य. पाच वर्षांच्या चक्रात पाच वेळा नापास. कोशासारखे काम वार्षिक मोजमापात दिसतच नाही. महाकोशाच्या गतीबद्दल टीका करता येईल आणि ती झालीही आहे. इतक्या वर्षांनंतरही काम ‘अ’ च्या शब्दांतच आहे. पण ती टीका कोशाचे काम काय आहे हे समजून केलेली टीका असते. ‘यंदा किती प्रबंध?’ हा प्रश्न तेवढाही मान राखत नाही.

तरीही डेक्कन कॉलेजची गोष्ट ‘बंद करणारे दुष्ट, वाचवणारे थोर’ अशी सोपी करून सांगणे मला पटत नाही. १९३४ चा निर्णय झाला नसता तर बहुधा ते एक चांगले, जुने, नावाजलेले कला महाविद्यालयच राहिले असते. त्याचे काय करायचे हा विचार बंद पडल्यामुळेच करावा लागला. म्हणजे तपासणी आवश्यक होती; घातक होता तो तपासणीचा प्रश्न. शिवाय हेही विसरू नये की डेक्कन कॉलेजजवळ जीजीभाईंची देणगी होती, पुण्यातले वकील होते, वजनदार माजी विद्यार्थी होते. ज्या विभागाचे माजी विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आहेत किंवा धान लावतात, त्याच्यासाठी न्यायालयात कोण जाणार? म्हणून १९३९ चा प्रश्न कोणाच्या दानतीवर किंवा दबावावर न सोडता नियमातच असायला हवा.

नागपूर आणि झाडीपट्टी

आमचे विद्यापीठ नागपूरचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी ते स्थापन झाले. त्यातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ वेगळे निघाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. या विद्यापीठाच्या इतिहासात १९३९ चा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे नाही. कामठीचे रायबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग मृत्युपत्राने विद्यापीठाला दिला, तो उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल-तंत्रज्ञानासारखे विषय तेथे आले, ते या प्रदेशात तेलबिया, कापूस आणि जंगल होते म्हणून. २०२३ मध्ये त्या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. कोणता अभ्यासक्रम कोठे असावा, याचे उत्तर त्या भूमीत काय आहे यावरून शोधण्याचे हे विदर्भातील उत्तम उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण पालीचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरात पाली शिकण्यामागे एक संपूर्ण समाजाची ओढ आहे. तिला नोकरीच्या बाजारातील मागणी म्हणता येत नाही, आणि तरी ती मागणी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. त्यातील तीन भाषा आमच्या विद्यापीठात शिकवल्या जातात. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. हे सारे आनंदाचे आहे. पण अभिजाततेचा खरा पुरावा तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीच्या पूर्णवेळ शिक्षकाची जागा भरलेली आहे की नाही, येथे मिळेल. शिखरावर कळस आणि पायथ्याला रिक्त पद, हा अग्रक्रम नव्हे.

मी राहतो ते सानगडी साकोलीपासून जवळ, नागपूरपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर. अंतराचा अर्थ येथून वेगळा दिसतो. साकोलीत एखादा विषय आटला तर ‘तो भंडाऱ्यात आहे, नागपुरात आहे’ असे सांगता येते, आणि कागदावर ते खरे असते. व्यवहारात मुलगा खोली करून नागपूरला जातो. मुलीचा विषय बदलतो, किंवा शिक्षण थांबते. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही’ या वाक्यात त्या मुलीचा प्रतिसाद मोजलेला नसतो, कारण तिला विचारणारा प्रवेशअर्जच तिच्यापर्यंत आलेला नसतो.

आमच्याच भागातील झाडीबोलीचे घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत बोलली जाणारी ही बोली. तिच्या अभ्यासाची चळवळ साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी उभी केली, झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली, दंडार आणि झाडीपट्टी रंगभूमीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. हे काम विद्यापीठाच्या कोणत्याही क्रमवारीत गुण मिळवून देणारे नव्हते. पण ते करायला मराठी आणि भाषाशास्त्र रीतसर शिकलेली, याच मातीत राहणारी माणसे लागली. अशी माणसे तालुक्यातल्या मराठी विभागांतून तयार होतात. तो विभाग आटला तर झाडीबोलीचा पुढचा अभ्यासक नागपुरात किंवा पुण्यात आपोआप तयार होणार नाही. पुण्यातील भाषाशास्त्राचा विभाग कितीही उत्तम असला तरी धानाच्या रोवणीतले शब्द त्याच्या कानावर पडत नाहीत.

यासाठी शेतीचे उदाहरण सोपे पडेल. साकोलीला कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र आहे. अकोल्यात विद्यापीठ असताना साकोलीत वेगळे केंद्र कशाला, असे कोणी विचारत नाही. कारण अकोल्याच्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत आमच्या बांधीतल्या धानाचे वाण तपासता येणार नाही, हे सर्वांना पटते. बियाण्याबाबत जी गोष्ट उघड दिसते ती भाषा, इतिहास आणि समाजशास्त्राबाबत दिसत नाही, एवढेच.

आणखी एक दाखला. भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबाने बांधले गेले. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पुढे देखभालीअभावी कित्येक गाळाने भरले. तलावाच्या बुडीत क्षेत्राचे एकरी उत्पन्न काढले तर ते जवळजवळ शून्य येईल. त्या जमिनीत धान पिकत नाही. धान पिकते ते खालच्या बांध्यांत, तलावाच्या पाण्यावर. ज्याने बुडीत क्षेत्र आणि बांध्या यांचे वेगवेगळे हिशेब ठेवले, तो तलाव बुजवून शेती वाढवण्याचा सल्ला देईल, आणि त्याचे गणित कागदावर चुकलेले नसेल. विद्यापीठातील गणित, संख्याशास्त्र, भाषा, तत्त्वज्ञान हे विभाग पुष्कळदा बुडीत क्षेत्र असतात.

तीन प्रश्न

तेव्हा अग्रक्रम लावताना आकार, उत्पन्न आणि खर्च हे आकडे जरूर पाहावेत, पण त्यांच्याआधी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत, असे मी सुचवतो.

पहिला प्रश्न अंतराचा. हा अभ्यासक्रम येथे थांबला तर यानंतरचा, अनुदानित शुल्कात मिळणारा, पूर्णवेळ शिक्षक असलेला असाच अभ्यासक्रम किती किलोमीटरवर आहे, आणि तेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते का? हा प्रश्न विचारायला संशोधनाची गरज नाही, एसटीचे वेळापत्रक पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न पुन्हा उभारणीचा. हे आज मोडले आणि दहा वर्षांनी परत हवे झाले तर किती काळ लागेल? संगणकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वर्षभरात पुन्हा सुरू होतो. पाली, भाषाशास्त्र, वनस्पतिशास्त्रातील स्थानिक वनस्पतींचे वर्गीकरण, यांना शिक्षकांची एक पिढी लागते. जे लवकर परत उभारता येते ते बंद करण्याचे धाडस करता येते. जे येत नाही त्याला हात लावताना दहादा विचार करावा.

तिसरा प्रश्न मागणीच्या खरेपणाचा. विद्यार्थी कमी झाले ते शिक्षक असताना, की शिक्षक नसताना? मागच्या पाच वर्षांत या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नसेल तर त्या पाच वर्षांची विद्यार्थिसंख्या पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. मोटेला बैल न जोडता विहिरीला पाणी नाही म्हणण्यासारखे ते आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : या तीन प्रश्नांच्या आधाराने प्रत्येक विभाग स्वतःला वाचवील, काहीच बंद होणार नाही. तसे होणार नाही. एकाच शहरात दोन-तीन किलोमीटरच्या आत चालणारे, एकमेकांचे विद्यार्थी ओढणारे, एकसारखे विनाअनुदानित अभ्यासक्रम पहिल्याच प्रश्नाला नापास होतील. नावात ‘नॅनो’ किंवा ‘डेटा’ घालून काढलेली आणि शिक्षकाविना चालणारी प्रमाणपत्रे दुसऱ्या प्रश्नाला टिकणार नाहीत. शिक्षक असून, प्रयोगशाळा असून वर्षानुवर्षे विद्यार्थी येत नसतील तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही स्पष्ट आहे. तो अभ्यासक्रम बंद करावा किंवा बदलावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पैसा कोठून आणायचा? याचे प्रामाणिक उत्तर असे की सर्व ठिकाणी सर्व विषय ठेवता येणार नाहीत. पण तालुक्यातील तीन महाविद्यालयांत तीन अर्धमेले भूगोल विभाग ठेवण्याऐवजी एकाच ठिकाणी दोन पूर्णवेळ शिक्षकांचा विभाग ठेवून बाकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाची सोय करता येते. विषय वाटून घेता येतात. त्यासाठी संस्थाचालकांनी एकमेकांशी बोलावे लागेल आणि विद्यापीठाने तालुका हे एकक धरून नियोजन करावे लागेल. बृहत् आराखड्यातील नव्या बिंदूंच्या यादीशेजारी आहे त्या अभ्यासक्रमांची एक यादी जोडली, प्रत्येकापुढे पूर्णवेळ शिक्षकांची संख्या आणि वरील तीन उत्तरे लिहिली, तरी सुरुवात होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि जे बंद करायचे ठरेल ते नीट बंद करावे. प्रवेश घेतलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होईपर्यंत शिक्षक असावा. ग्रंथालयातील त्या विषयाची पुस्तके रद्दीत न जाता जवळच्या चालू विभागाकडे जावीत. विद्या परिषदेत ठराव व्हावा, कारणे लिहावीत, नावे लिहावीत, सह्या व्हाव्यात. १९३४ च्या सरकारने निदान निर्णय घेतला होता, म्हणूनच त्याविरुद्ध न्यायालयात जाता आले आणि १९३९ उजाडले. आपल्याकडे आटलेल्या विभागांना ती संधी मिळत नाही, कारण ते बंद झाले आहेत हे कोणी मान्यच केलेले नाही. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ते अजून छापलेले असतात.